शह्हातचं दुसरं नाव

दिवा जवळ ओढून सांगायच्या गोष्टींमध्ये रात्र असते. माझ्या गोष्टीत रात्र नाही. जे झालं ते भर दुपारी झालं, ज्या वेळी आमच्या गावात कुत्रीसुद्धा भिंतीच्या सावलीत पोट टेकून पडतात आणि नाईलच्या पाण्याकडे बघवत नाही.

लग्नाला नऊ दिवस झाले होते. सासूबाईंनी, म्हणजे अम्मांनी, मला रांजणाच्या पाण्यात फिरवायला तुरटी आणायला पाठवलं. माझं माहेर पलीकडच्या काठावर, मिन्या शहरात. तिथे नळ उघडला की पाणी येतं आणि कोणी त्याच्याबद्दल बोलत नाही. इथेही नळ होता, पण अम्मांना नळाचं पाणी पाणी वाटायचं नाही. माझ्याकडे वाणिज्य शाखेची पदविका होती, आणि सासरी माझ्या वाट्याला आला रांजण.

तुरटी शेजारच्या हाज्जा नबवीयांकडे मिळायची. त्या दारापुढच्या ओट्यावर बसून साबण, चहा, काड्यापेट्या आणि गावभरच्या बातम्या विकायच्या. बातम्या फुकट.

"पुन्हा तुरटी?" त्या म्हणाल्या. "अगं, गेल्याच आठवड्यात नेली तुझ्या सासूने."

"संपली."

"दोन बायका नि एक माणूस. तोही दिवसभर ट्रकवर. एवढं पाणी पितं कोण?"

मी सहसा बोलत नाही. त्यामुळे लोक मला शहाणी समजतात किंवा ठोंबी. हाज्जांनी तुरटीचा खडा कागदात गुंडाळला, माझ्या हातात दिला आणि हात तसाच धरून ठेवला.

"नवरी, दुपारी बाहेरच्या खोलीत झोपत नाहीस ना?"

"नाही. का?"

"नको झोपूस. तिथे... ऊन येतं."

मी घरी पोचले तेव्हा चर्चची बाराची घंटा होऊन गेली होती. गल्ली रिकामी. आमचं दार उघडं होतं आणि उंबऱ्यापाशी आवाज येत होता. फट्. फट्. फट्. मळलेला झगा काढून भिंतीवर झटकावा तसा. आमच्या गावातले निम्मे पुरुष वरच्या पठारावर चुनखडीच्या खाणीत जातात. पहाटेपूर्वी ट्रकमध्ये चढतात आणि दुपारी बाराला पिठात लोळल्यासारखे पांढरे होऊन परततात. आणि आत येण्याआधी प्रत्येक जण असाच अंग झटकतो. तेव्हा मला काहीच वावगं वाटलं नाही. कोणी पाहुणा असेल म्हणून मी डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून घेतला.

दारात कोणी नव्हतं. आवाज मात्र चालू होता. फट्. फट्. मग थांबला. माझ्या अंगावरून गरम वास गेला, ओल्या चुन्याचा, आणि त्याच्या मागोमाग वायर जळल्याचा.

आत अम्मा रांजणापाशी उभ्या होत्या. हातातला पत्र्याचा पेला त्यांनी कोणाला तरी द्यावा तसा पुढे धरला होता. आणि मी ऐकलं... कोरड्या घशातून पाणी उतरण्याचा आवाज. घटाघट. मोठ्या माणसाचा घसा.

"अम्मा... कोण आलंय?"

"वारा," अम्मा म्हणाल्या. माझ्याकडे न बघता त्यांनी रिकामा पेला पालथा घातला. पेल्यावर पांढऱ्या बोटांचे चार ठसे होते.

त्या दिवशी झाडाचं पानसुद्धा हलत नव्हतं.

माझा नवरा गत्तास खाणीत कापलेल्या दगडी विटा ट्रकमधून शहरात पोचवतो. संध्याकाळी तो जेवायला बसला तेव्हा मी विचारलं, "दुपारी आपल्या घरी कोण येतं?"

त्याच्या हातातला भाकरीचा तुकडा बाकल्याच्या उसळीच्या वाटीवरच थांबला. "अम्मा काय म्हणाली?"

"वारा."

"मग वाराच." तुकडा खाली ठेवून तो म्हणाला, "शह्हातबद्दल तुला माहीत आहे ना?"

माहीत होतं. शह्हात त्याचा थोरला भाऊ. आमचं लग्न त्याच्यामुळेच वर्षभर लांबलं आणि ढोलाशिवाय झालं. खाणीत दगड कापायचं चाकाचं यंत्र असतं, त्याची वायर ओल्या दगडावर उघडी पडली होती, आणि त्याने ती हाताने बाजूला केली. सकाळी पावणेअकराला. घरी आणला तेव्हा तो नखशिखान्त पांढरा होता. बायकांना आधी कळेचना की हा माणूस आहे की पुतळा.

"तिसऱ्या दिवशी अबूना मकार आले," गत्तास म्हणाला. "प्रार्थना केली, धूप फिरवला, घरभर पाणी शिंपडलं, दार उघडून दिलं. सगळं रीतीप्रमाणे."

आमच्यात मेलेल्याचा आत्मा तीन दिवस घरातच असतो. तिसऱ्या दिवशी पाद्री, म्हणजे अबूना, येऊन त्याचं नाव घेऊन त्याला निरोप देतो. मग तो जातो. यात शंका घेण्यासारखं काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. माझा देवावर विश्वास होता, पण शाळेच्या दाखल्यावर असतो तसा. आहे कपाटात, लागला की काढू.

"मग झालं की," मी म्हणाले.

"झालं. पण इरीनी..." त्याने आवाज खाली आणला. "अबूना तिकडे प्रार्थना म्हणत होते, सगळं घर रडत होतं, आणि अम्मा हसत होती. तोंडावर पदर धरून. मी बघितलं."

त्यानंतर मी रोज ऐकू लागले. बारा वाजून गेले की उंबऱ्यावर फट् फट्. मग तो वास. मग रांजण. अम्मा पेला भरून धरायच्या, एक, दोन, कधी सात. तोवर त्यांच्या चेहऱ्यावर असं काही यायचं की मी नजर वळवायचे. नव्या सुनेने सासूला त्या अवस्थेत बघू नये असं वाटायचं. त्यांना तो दिसायचा. मला फक्त ऐकू यायचा.

बाहेरच्या खोलीत बाळ येशूला कडेवर घेतलेल्या त्याच्या आईचं एक जुनं चित्र होतं, भिंतीकडे तोंड करून लावलेलं. मी आधी समजले पुसताना चुकून उलटं लागलं असेल, आणि सरळ केलं. पाच मिनिटांत अम्मांनी ते परत उलटं केलं.

"असू दे तसंच. तिच्या मुलालाही सांग, बघत बसा म्हणावं भिंत. मी बघितली तशी."

मी कांदे चिरायला गेले.

खरी गोष्ट मला हाज्जा नबवीयांनी सांगितली, तीही साबणाच्या दोन वड्या घेतल्यावर.

"तुझ्या सासूची पाच मुलं गेली, शह्हातच्या आधी. पाच! एकही वर्षाचं झालं नाही. आपल्या सगळ्यांची जमिनीखाली एक एक बहीण असते ना, त्यांच्यातली एखादी जळकी असली की वरच्या बाईची लेकरं नेते. नाव ऐकते आणि त्या नावाने हाक मारते. मग सहाव्याच्या वेळी आम्ही म्हाताऱ्यांनी शहाणपणा केला. तिला सात घरी भीक मागायला लावलं. माझ्याही दारात आली होती, ह्याच ओट्यापाशी, पोटाशी पोर धरून. मी माझ्या मुलाची बंडी दिली. सात घरच्या चिंध्या घालून वाढवला, आणि नाव ठेवलं शह्हात. भिकारी! कोण जळकी भिकाऱ्याचं पोर नेईल?"

"आणि नाही नेलं."

"नाही नेलं. घोड्यासारखा वाढला. फक्त लग्न जमेना. नाव सांगितलं की मुली खिदळायच्या." हाज्जा हसल्या, मग हसणं गिळून माझ्या जवळ सरकल्या. "पण तुमच्यात मुलाला चाळिसाव्या दिवशी बाप्तिस्मा देतात ना? तेव्हा काय भिकारी म्हणून बुडवलं असेल त्याला? चर्चचं दार आतून लावून घेतलं होतं. आत तिघंच. तुझी सासू, पोर, आणि जुने अबूना. खरं नाव तेवढ्यांनाच माहीत. जुने अबूना वारले. पोरगा गेला. आणि हा नवा अबूना तिसऱ्या दिवशी येऊन 'तुझा सेवक शह्हात, तुझा सेवक शह्हात' करत सगळी प्रार्थना म्हणून गेला. मी मुसलमान बाई, तुमच्यातलं मला काय कळणार? पण मलासुद्धा वाटलं, अगं बाई, ज्या नावाची तिकडे नोंदच नाही, त्या नावाने हा पोरगा जाणार कसा?"

घरी येताना मी सगळं जुळवत गेले. प्रश्न नवे अबूना चुकले याचा नव्हता. त्यांना चुकू दिलं होतं. जिला खरं नाव माहीत होतं ती तोंडावर पदर धरून हसत होती.

मी अम्मांना काही विचारलं नाही. आईने आपलं मूल घरात ठेवून घेतलं. त्यात माझं काय जात होतं? तुरटी जात होती. मी तसंच आयुष्य काढलं असतं. पण तोवर मला दुसरी एक गोष्ट दिसायला लागली होती.

सकाळी अम्मा गच्चीवर कबुतरांपाशी असायच्या. खाली मी एकटीच. स्वयंपाकघराला खिडकी नाही, त्यामुळे तिथे दिवसाही बल्ब लागतो. तो बल्ब रोज एकदा मंद व्हायचा, फ्रिज घरघरायचा, आणि त्या मिणमिणत्या उजेडात कोणीतरी श्वास आत ओढायचं. फक्त आत. सोडायचं नाही. मग उजेड परत. पहिल्या दिवशी मला वाटलं विजेचा भार. चौथ्या दिवशी मी घड्याळ बघितलं. पावणेअकरा. दहाव्या दिवशीही पावणेअकरा.

मी पंधरा दिवस हे पोटात ठेवलं. तेवढ्यात पोटात आणखीही काही आहे हे कळलं, आणि मला राहवेना. एका सकाळी मी गच्चीवर गेले.

"अम्मा, जरा खाली या."

"कबुतरं राहिलीत."

"राहू देत. या."

सुनेने सासूला असं सांगायची आमच्यात रीत नाही. म्हणूनच बहुधा त्या आल्या. मी त्यांना बल्बखाली उभं केलं. त्यांच्या हाताला ज्वारीचे दाणे चिकटले होते.

"काय दाखवतेस? जाळी लागलीय ती? तुझीच कामं ही..."

बल्ब मंद झाला. फ्रिज घरघरला. आणि आमच्या दोघींच्या मध्ये, अगदी मध्ये, तो श्वास आत ओढला गेला. घाईने, अचानक चटका बसावा तसा. दात एकमेकांवर आपटले. मग काहीच नाही.

उजेड आला तेव्हा अम्मांचं तोंड उघडंच होतं.

"हे... काय होतं?"

"पावणेअकरा वाजलेत, अम्मा."

त्या घड्याळाकडे बघत राहिल्या. मी त्यांना सांगितलं. सांगताना माझाच आवाज मला परका वाटत होता.

"रोज होतं हे. मी आल्यापासून रोज. तुम्हाला वाटतं ते नुसते बाराला घरी येतात... पण येण्याआधी रोज तिकडे जावं लागत असेल त्यांना. रोज पहाटे ट्रकवर. रोज ती वायर."

"गप्प बस."

"चौदा महिने, अम्मा."

"गप्प बस म्हटलं ना!"

त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या जमिनीवर बसल्या आणि बारा वाजेपर्यंत बसूनच राहिल्या. बाराला उंबऱ्यावर फट् फट् झालं. त्या उठल्या, पेला भरला, पुढे धरला. पाणी सांडलं.

"बाळा... दुखतं का रे?" त्यांनी विचारलं.

घशातून पाणी उतरत राहिलं.

त्या दुपारी बाहेरच्या खोलीत अम्मा त्या उलट्या चित्राशी भांडल्या. मी आतल्या दाराआड उभी होते. हळू आवाजात, शेजाऱ्याशी कुंपणावरून भांडावं तशा बोलत होत्या.

"पाच नेलेस. नावाने हाक मारून नेलेस. पहिल्याला दात येत होता. तिसरी नुकतीच हसायला शिकली होती. मी काही बोलले नाही, मेणबत्त्या लावल्या. सहाव्याला भिकारी केलं, दारोदार फिरले, तुझ्यापासून लपवला. तरी नेलास. मग म्हटलं ने, पण नाव नाही मिळणार. नाव माझ्याकडे आहे. बघू कसा बोलावतोस."

मग त्यांचा आवाज फुटला.

"...तुला माहीत होतं ना नाव? सगळा वेळ माहीत होतं. घ्यायचं तर केव्हाच घेतलं असतंस. मग थांबलास कशाला? चौदा महिने... मी द्यावं म्हणून?"

मी आत डोकावले नाही. पण खिळ्यावर चित्र खरवडल्याचा आवाज ऐकला. नंतर गेले तेव्हा ते सरळ लटकत होतं.

दुसऱ्या सकाळी आम्ही चर्चमध्ये गेलो. अबूना मकार तरुण, गोलमटोल, सदा घामेजलेले. झग्याच्या खिशात त्यांचा फोन अखंड वाजत असतो.

"उम्म शह्हात! शह्हातची आई चर्चमध्ये, चौदा महिन्यांनी!"

"हजेरी नंतर घ्या, अबूना. धूप आणि पाणी घेऊन घरी चला. आत्ता."

"कशाला?"

"तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेला."

अबूना हसले, मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले. "ती झालीय, ताई. मीच केली."

"भिकाऱ्याची केलीत. माझ्या मुलाची नाही."

त्या पुढे वाकल्या आणि त्यांच्या कानात एक शब्द बोलल्या. एकच. बोलताना त्यांनी अबूनांची बाही अशी पकडली होती की जणू कोणी त्यांच्या छातीतून काही उपटून घेतंय. फोन वाजत होता. अबूनांनी तो बंद केला. त्यांच्या कपाळावरचा घाम आता वेगळा होता.

"म्हणजे मी... इतके दिवस..."

"तुम्ही नाही. मी. चला."

ते आले तेव्हा बाराची घंटा होत होती. रांजणापाशी स्टुलावर पाणी, भाकरी, मेणबत्ती. गत्तासला मी निरोप पाठवला होता. तो ट्रक गल्लीच्या तोंडाशी सोडून धावत आला आणि दारात उभा राहिला. फट् फट् झालं, त्याच्या अगदी खांद्यापाशी. तो जागचा हलला नाही, फक्त डोळे मिटले. वास आत आला आणि रांजणापाशी थांबला. अम्मांनी आज पेला भरला नाही.

अबूनांनी प्रार्थना सुरू केली. त्या नावापाशी आले तेव्हा त्यांचा आवाज अडखळला, पण त्यांनी ते मोठ्याने घेतलं. सुंदर नाव होतं. मी इथे लिहीत नाही. ते माझं नाही.

मेणबत्तीची ज्योत आडवी झाली. दाराच्या पडद्याचे मणी एकमेकांवर वाजले, आतून बाहेर. आणि एक वास गेला, चुन्याचा नाही, वायरचा नाही. बाप्तिस्म्याला बाळाच्या अंगाला लावतात त्या तेलाचा. इतका ताजा की जणू कुपी आत्ताच उघडली. गत्तास उंबऱ्यावर मटकन बसला आणि लहान मुलासारखा रडला. अम्मा रडल्या नाहीत. त्या रांजणाकडे बघत होत्या. एकटक.

त्या दिवसापासून घर शांत झालं. पावणेअकराला बल्ब मंद होईना. बाराला उंबऱ्यावर काही नाही. तुरटीचा खडा महिना महिना पुरू लागला, हाज्जा म्हणाल्या, "आता तुमचं घर माझ्या धंद्याला काही उपयोगाचं नाही."

आणि अम्मा बदलल्या. रोज सकाळी चर्च. दुपारी बाराची प्रार्थना घरी, मला शेजारी बसवून. तिच्या शेवटी आमच्यात "प्रभू, दया कर" एक्केचाळीस वेळा म्हणतात. येशूला बसलेल्या फटक्यांची एकोणचाळीस, काट्यांच्या मुकुटाचं एक, भाल्याचं एक. अम्मा बोटांच्या पेरांवर मोजायच्या, डोळे मिटून, एकही गाळायच्या नाहीत. लोक म्हणायचे, बाईचा विश्वास परत आला. मलाही तसंच वाटायचं. आणि खरं सांगते, त्यांच्या शेजारी बसून बसून माझा कपाटातला दाखलाही कधी बाहेर आला ते कळलं नाही. दुःखाने एवढी भरडलेली बाई रोज त्याच्यापुढे बसते, तर तिथे कोणी असलं पाहिजे.

ईस्टरआधीच्या मोठ्या उपवासाच्या दिवसांत, एकदा मसूर निवडता निवडता मी विचारलं, "अम्मा, तुम्हाला देवाचा राग येत नाही आता?"

"येतो की. पण रिकाम्या भिंतीवर कोणी चौदा महिने रागावतं का? तो आहे हे मला रागानेच कळलं." त्यांनी एक खडा वेचून टाकला. "आणि आता तो असायलाच हवा, पोरी. नाहीतर आपलं काही खरं नाही."

"म्हणजे?"

"त्या दिवशी कोण गेलं, तू बघितलंस?"

"पडदा हलला. वास आला."

"मी बघितलं." त्यांचे हात थांबले. "अबूनांनी नाव घेतलं तेव्हा रांजणापाशी बसला होता तो उठलाच नाही. मानसुद्धा वळवली नाही. जिन्याखालच्या अंधारातून उठला... तो माझा. स्वच्छ. अंगावर धुळीचा कण नाही. माझ्याकडे बघून गेला. चौदा महिने तो तिथे बसून होता, इरीनी, आपल्या नावाची वाट बघत. आणि मी रोज पाणी दुसऱ्यालाच पाजत होते."

माझ्या हातातलं ताट कललं. मसूर घरंगळले.

"पण तुम्हाला... तोंड दिसलं नाही कधी?"

"तोंडावर फडकं असायचं. खाणीत धुळीसाठी बांधतात तसं, डोळ्यांपर्यंत. मी सोड म्हटलं नाही. मला वाटलं... भाजलं असेल."

"मग तो कोण होता?"

"मला काय माहीत? त्या पठारात कितीजण गेलेत. असेल कोणा आईचा." सांडलेले मसूर गोळा करत त्या म्हणाल्या, "होता नाही. आहे. आता तो बाहेर जात नाही, एवढंच. म्हणून उंबऱ्यावर आवाज येत नाही."

दुपार होती. घरात कसलाही आवाज नव्हता. मला तो नसलेला आवाज ऐकू यायला लागला.

"त्याचं नाव मला ठाऊक नाही," अम्मा म्हणाल्या, "म्हणून मी मागते. ते एक्केचाळीस त्याच्यासाठी. नाव नसलं तरी ज्याला कळायचं त्याला कळेल. मी आता देवावर हे एवढं तरी सोपवायला शिकले."

मी त्यांचा हात धरला. मी भ्यायले होते, पण त्या क्षणी मला त्या म्हातारीचा देव खरा वाटला. माझ्या भीतीहून खरा.

तेव्हापासून आम्ही दोघी मिळून म्हणतो. मला आता सातवा महिना आहे. मी भिंतीला टेकून बसते. एक्केचाळीस होतात, आम्ही थांबतो. आणि मग, गेल्या रविवारपासून, आणखी एकदा ऐकू येतं. "प्रभू, दया कर." कोरड्या घशातून, अडखळत, शब्द नवीन शिकल्यासारखं. पहिल्या दिवशी आम्ही दोघी गोठलो. अम्मांनी क्रूसाची खूण केली आणि हळूच म्हणाल्या, "मागू दे. त्यालाही मागू दे."

काल बेचाळिसावं झालं तेव्हा माझे डोळे मिटलेले होते. उघडले तर अम्मा माझ्याकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय झालं, अम्मा?"

मोजलेली पेरं त्यांनी सोडून दिली.

"आज ते... तू म्हणालीस."

मी नव्हते म्हणाले.

"तुझेच ओठ हलले, पोरी," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या.